अदिस अबाबाला पहिल्यांदा उतरणार आहे: पहिल्या काही दिवसांबद्दल मार्गदर्शन हवे

सूतकताई

नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीची असून कापडाची गुणवत्ता तपासणे हा माझा व्यवसाय आहे. इथिओपियातील हवासा येथील औद्योगिक वसाहतीत एका कापड कारखान्यात सहा महिन्यांसाठी रुजू होण्याचे पत्र मला आले आहे. मुंबईहून थेट विमानाने अदिस अबाबाला उतरायचे, तेथील कार्यालयात कागदपत्रांचे सोपस्कार पुरे करायचे आणि त्यानंतर दक्षिणेला हवासाला जायचे, असा क्रम ठरला आहे. देशाबाहेर मी आजवर नेपाळखेरीज कोठेही गेलेले नाही, आणि आफ्रिकेविषयी घरात व शेजारीपाजारी जे बोलले जाते त्यातले खरे किती आणि ऐकीव किती, हे मला ठरवता येत नाही.

मी शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. विमानतळावरून हॉटेलपर्यंत कसे जावे, पैसे कोठे बदलावेत, एकट्या स्त्रीने सुरुवातीचे दिवस कसे काढावेत, हे प्रत्यक्ष तेथे राहून आलेल्यांकडून ऐकायचे आहे. पत्रात ‘सोमवार, २ मार्च, २:३० वाजता’ कार्यालयात हजर राहावे एवढेच लिहिले आहे. मी रविवारी पोहोचते, त्यामुळे सोमवारची सकाळ विश्रांतीला मिळेल असा माझा हिशेब आहे.

रानवारा

हा हिशेब आधी तपासून घ्या. इथिओपियात दिवस मध्यरात्री नव्हे तर पहाटे सुरू होतो असे धरून घड्याळ मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आपले दुपारचे बारा म्हणजे त्यांचे सहा, आणि संध्याकाळी सातला रात्रीचा एक वाजतो. त्यामुळे तुमच्या पत्रातले २:३० हे तेथील पद्धतीने लिहिले असतील, तर त्याचा अर्थ सकाळचे साडेआठ असा होतो. विमान कंपन्या, मोठी हॉटेले आणि परदेशी लोकांशी सतत संबंध येणारी कार्यालये आपल्यासारखी वेळ लिहितात, पण ड्रायव्हर, दुकानदार, शेजारी आणि बहुतेक सरकारी कचेऱ्या बोलताना स्थानिक वेळच सांगतात. पत्र कोणी टंकले यावर सगळे अवलंबून आहे, म्हणून विचारूनच घ्यावे.

टाचणी

म्हणजे आमचे चिरंजीव रविवारी जेव्हा उठतात, तेव्हा तेथे सकाळचे पाचच वाजलेले असतील. हा देश त्यांना फारच मानवेल.

निवृत्त मास्तर

मी तेथील एका विद्यापीठात काही वर्षे गणित शिकवले. नव्याने उघडलेल्या विद्यापीठांत तेव्हा भारतीय प्राध्यापक मोठ्या संख्येने नेमले जात होते, आणि त्याच्याही आधी, सम्राट हैले सेलासी यांच्या काळात, शाळाशाळांतून भारतीय शिक्षक होते, त्यांतले बरेचसे केरळचे. त्यामुळे भारतीय माणूस म्हटल्यावर साठी ओलांडलेल्या इथिओपियन गृहस्थाला आपले शाळेतले गणिताचे गुरुजी आठवतात. तुम्हाला याचा फायदा मिळेल. त्या गुरुजींनी छड्या किती मारल्या होत्या, यावर तो फायदा किती ते ठरेल.

रानवारा यांनी घड्याळाचे सांगितले, मी पंचांगाचे सांगतो. इथिओपियाच्या वर्षात तीस दिवसांचे बारा महिने आणि पाच किंवा सहा दिवसांचा तेरावा महिना असतो. नवे वर्ष ११ सप्टेंबरला सुरू होते, आपल्या लीप वर्षाच्या आदल्या वर्षी १२ सप्टेंबरला. त्यांचे वर्ष आपल्यापेक्षा सप्टेंबर ते डिसेंबर या काळात सातने आणि नंतर आठने मागे असते. सन २००० चा उत्सव त्यांनी आपल्या २००७ च्या सप्टेंबरात केला. तुम्हाला याचा प्रत्यक्ष त्रास कागदपत्रांत होईल: निवासी परवाना, भाडेकरार, औषधाच्या पाकिटावरची मुदत, जेथे जेथे तारीख दिसेल तेथे ती कोणत्या पंचांगातली आहे हे आधी पाहावे. आमच्या विद्यापीठात परदेशी शिक्षक फळ्यावर परीक्षेची तारीख दोन्ही पद्धतींनी लिहीत असत.

आणि २ मार्च हा अडवाच्या विजयाचा दिवस आहे. १८९६ साली सम्राट मेनेलिक यांच्या सैन्याने अडवा येथे इटलीच्या फौजेचा पराभव केला, त्याची त्या दिवशी राष्ट्रीय सुट्टी असते. शहरात पिअसा भागात मेनेलिकच्या पुतळ्याभोवती मोठी गर्दी जमते; २०२४ पासून त्याच परिसरात अडवाचे भव्य स्मारकही उभे आहे. तेव्हा सकाळी साडेआठ की दुपारी अडीच हा प्रश्न नंतरचा. त्या सोमवारी कार्यालय उघडे आहे का, हे प्रथम विचारा. पत्र बहुधा भारतात बसून कोणीतरी लिहिले असावे.

हितचिंतक

तुमचा हिरमोड करायचा नाही, परंतु एकट्या स्त्रीने आफ्रिकेत जाणे मला योग्य वाटत नाही. माझा चुलत भाऊ जोहान्सबर्गला असतो. तेथे संध्याकाळी सहानंतर कोणी पायी बाहेर पडत नाही, घराभोवती विजेच्या तारा असतात. कंपनीला सांगून एखादा पुरुष सहकारी बरोबर घ्यावा.

रानवारा

हितचिंतक, जोहान्सबर्ग आणि अदिस अबाबा यांच्यात सरळ रेषेत सुमारे चार हजार किलोमीटर अंतर आहे. ताश्कंदमध्ये काय घडते यावरून कोल्हापुरात फिरावे की नाही हे कोणी ठरवत नाही. अदिस अबाबात परक्या माणसाला खरा त्रास होतो तो खिसेकापूंचा. मर्काटोचा बाजार, मेक्सिको चौक, मिनीबसचे थांबे येथे एकजण धक्का देतो, दुसरा बोलण्यात गुंतवतो आणि तिसरा फोन काढून घेतो. रात्री अंधाऱ्या रस्त्याने एकटीने चालू नये हे खरेच, परंतु हा नियम पुण्यातही लागू आहे.

जागल्या

रानवारा यांचे म्हणणे मला मान्य आहे, पण भीती अगदीच निराधार आहे असेही कोणी समजू नये. नोव्हेंबर २०२० ते नोव्हेंबर २०२२ या काळात उत्तरेकडील तिग्राय प्रांतात भीषण युद्ध झाले. ते थांबल्यावर ऑगस्ट २०२३ पासून अम्हारा प्रांतात सरकारी फौज आणि फानो या सशस्त्र गटांत लढाई पेटली. लालिबेलाची दगडात कोरलेली चर्चे आणि गोंदरचे किल्ले, म्हणजे पर्यटक ज्यासाठी त्या देशात जातात ती ठिकाणे, याच प्रांतात येतात. हवासा त्याच्या उलट दिशेला, सिदामा प्रांतात आहे आणि तुमच्या कामाला या लढाईचा थेट उपद्रव नाही. मात्र सुट्टी मिळाली की लगेच लालिबेलाचे तिकीट काढू नये. त्या वेळची स्थिती भारतीय दूतावासाच्या सूचना वाचून आणि स्थानिक सहकाऱ्यांना विचारून ठरवावी. अदिस अबाबाला पोहोचल्यावर दूतावासाकडे नावनोंदणी करावी, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

डॉ. कडुनिंब

मूळ प्रश्नात आरोग्याचा उल्लेखच नाही, म्हणून लिहिते. पीतज्वराची लस घेतली आहे का? बहुतेकांची समजूत अशी असते की इथिओपियाने मागितली तरच ती घ्यायची. खरी अडचण परत येताना होते. आपल्या सरकारच्या पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत इथिओपिया आहे, त्यामुळे तेथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्या माणसाकडे वैध प्रमाणपत्र नसेल, तर त्याला विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. पीतज्वर आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा डास भरपूर आहे, म्हणून ही कडक व्यवस्था आहे.

लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांतच मिळते, कोणत्याही खासगी दवाखान्यात घेतलेली चालत नाही. आधी वेळ ठरवून घ्यावी लागते आणि गर्दी असते. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होते, आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गर्भारपण, साठीपुढचे वय किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे असतील, तर तेथील डॉक्टरांना आधीच सांगावे.

हिवतापाबद्दल थोडे. अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटर उंच आहे, तेथे हिवतापाची काळजी सहसा करावी लागत नाही. हवासा सुमारे १,७०० मीटरवर, तळ्याच्या काठी आहे आणि तेथे मात्र डास व हिवताप दोन्ही आहेत. मच्छरदाणी वापरावी, आणि ताप आल्यास ‘हवापालट झाली असेल’ म्हणून अंगावर न काढता त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.

टाचणी

कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे ताई हवासाच्या रस्त्यावर भाजी आणायला गेल्या, तरी महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखरापेक्षा उंचावर असणार.

निवृत्त मास्तर

टाचणी यांनी गमतीत सांगितले ते कपड्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. आफ्रिका म्हणजे उकाडा असे धरून माणसे सुती कपडे घेऊन उतरतात आणि विमानतळाबाहेर पाऊल टाकताच कुडकुडतात. अदिस अबाबात रात्री पारा दहा अंशांच्या आसपास येतो. स्वेटर आणि पायमोजे मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावेत. उंचीमुळे पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागेल, थोडे डोके दुखेल. भरपूर पाणी प्यावे आणि पहिल्या रात्री लवकर झोपावे.

विमानतळाहून जाण्यासाठी हॉटेललाच गाडी पाठवण्यास सांगावे. अदिसमधील अनेक हॉटेले ही सोय विनामूल्य देतात. ती नसेल तर राइड किंवा फेरेस या ॲपवरून टॅक्सी मागवता येते, मात्र त्यासाठी फोन चालू हवा. इथिओ टेलिकॉम आणि सफारीकॉम या दोन कंपन्यांचे सिम पासपोर्ट दाखवून मिळते. निळ्या-पांढऱ्या मिनीबस स्वस्त आहेत, परंतु दारात लटकून ठिकाणांची नावे ओरडणाऱ्या पोराचे बोलणे कळू लागेपर्यंत त्यांच्या वाटेला जाऊ नये.

कोकणकडा

पैशांबाबत माझा अनुभव सांगतो. मी तेथे रस्तेबांधणीच्या कामावर होतो. पूर्वी बँकेतला दर आणि बाजारातला दर यांत एवढा फरक असे की प्रत्येक नवख्या माणसाला कोणीतरी कानाशी येऊन डॉलर मागत असे. जुलै २०२४ मध्ये सरकारने बिर या तेथील चलनाचा दर बाजारावर सोडला आणि डॉलरला सत्तावन्नच्या आसपास असलेला बिर थोड्याच काळात शंभराच्या पलीकडे गेला. आता बँकेत बदलून घेणेच शहाणपणाचे आहे, आणि रस्त्यावर पैसे बदलणे हा तेथे गुन्हा आहे. विमानतळावरील बँकेत आवश्यक तेवढेच बदला आणि पावती जपून ठेवा, कारण उरलेले बिर परत डॉलरमध्ये करायचे झाल्यास ती मागतात. जुनाट, फाटक्या किंवा शाई लागलेल्या डॉलरच्या नोटा नेऊ नयेत. दुर्बीण किंवा ड्रोन बॅगेत असेल तर घरीच ठेवा. ड्रोन तर विनापरवाना असेल तर विमानतळावरच काढून घेतात.

पुरणपोळी

जेवणाचे कोणी बोललेच नाही! ताई, दशम्या, मेतकूट, भाजणीचे पीठ, लोणचे, एक लहान कुकर आणि इंडक्शनची शेगडी एवढे घ्याच. आमच्या जाऊबाई परदेशात गेल्या तेव्हा महिनाभर केळी आणि पावावर राहिल्या होत्या.

निवृत्त मास्तर

पुरणपोळीताई, जाऊबाई कोणत्या देशात गेल्या होत्या ते ठाऊक नाही, पण शाकाहारी माणसासाठी आफ्रिकेत इथिओपियाइतका सोयीचा देश विरळा. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, आणि उपास म्हणजे मांस, अंडी, दूध, तूप सगळेच वर्ज्य. ईस्टरच्या आधीचा मोठा उपास पंचावन्न दिवसांचा असतो, आणि या वर्षी तुम्ही नेमक्या त्याच काळात पोहोचत आहात. हॉटेलात बसल्यावर ‘येत्सोम बेयाइनेतू’ एवढे दोन शब्द उच्चारावेत. तेफ नावाच्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाची, वरून जाळी पडलेली मोठी इंजेरा येते आणि तिच्यावर मसूर, वाटाणा, बीट, कोबी, पालेभाजी, शिरो असे सगळे मांडलेले असते. शिरो म्हणजे डाळीच्या पिठाचे, बर्बरे मसाला घातलेले, मातीच्या भांड्यात रटरटत येणारे पिठलेच. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आले, ते मसाल्याने आले असे मी सर्वांना सांगितले.

कोकणकडा

मास्तरांच्या वर्णनात एक मोठी गफलत राहू नये. ‘बोझेना शिरो’ मागवू नका, त्यात मांसाचे तुकडे असतात. उपास नसलेल्या दिवशी साधा शिरोही मसाल्याच्या तुपात करतात, ते तुम्हाला चालेल. आणि इंजेरा आंबट लागते. काहींना ती पहिल्या दिवसापासून आवडते, मला ती शेवटपर्यंत आवडली नाही, मी भात शोधत असे. त्यामुळे पुरणपोळीताईंचे मेतकूट अगदीच टाकाऊ नाही.

आणखी एक. कच्च्या मांसाचे पदार्थ तेथे मानाचे समजले जातात, खाटकाच्या दुकानात अर्धा बैल टांगलेला असतो आणि शेजारच्याच टेबलावर लोक जेवत असतात. तुमच्या डोळ्यांना याची सवय नसेल, तर मनाची तयारी ठेवून जावे.

अबोली

मी हवासामध्येच राहिलेली असल्याने मास्तरांना थोडा विरोध करते. अदिसमध्ये उपासाचे जेवण पदोपदी मिळते हे खरे, परंतु सिदामा लोकांत प्रोटेस्टंटांची संख्या मोठी आहे आणि ते हे उपास पाळत नाहीत. हवासातही बेयाइनेतू मिळते, पण हॉटेल पाहून जावे लागते, आणि तळ्यामुळे सगळीकडे मासळीचा वास असतो. तळ्याकाठच्या मासळी बाजारात माणसाच्या कमरेएवढे उंच, टक्कल पडलेले मराबू करकोचे माशांच्या आतड्यांसाठी भांडत उभे असतात. ते एकदा जरूर पाहावे, पण जेवणाआधी नव्हे.

कुकर न्यावा या मताची मीही आहे. तूरडाळ हवासात सहज मिळत नाही. मसूर, हरभरा आणि वाटाणा हवा तेवढा मिळतो.

टाचणी

बेत उत्तम आहे: कुकर घेऊन विमानतळावर उतरायचे आणि तपासनीसाला तीन शिट्ट्या समजावून सांगायच्या.

देवगिरी

थोडे विषयांतर करतो. मी छत्रपती संभाजीनगरचा आहे. आमचे शहर ज्याने १६१० मध्ये खडकी या नावाने वसवले, तो मलिक अंबर इथिओपियातच जन्मला होता. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, अरबस्तानातून हातोहात दख्खनला आला, निजामशाहीचा कारभारी झाला आणि मोगलांना त्याने वर्षानुवर्षे हैराण केले. त्याने बांधलेल्या भूमिगत नहरीचे पाणी आमच्या पूर्वजांनी प्यायले. त्याची कबर खुलताबादला आहे. ताईंनी तेथील लोकांना हे जरूर सांगावे, ओळख व्हायला चांगला विषय आहे.

जागल्या

विषय चांगला आहे, पण पहिल्या भेटीचा नव्हे. तेथील शाळांत मलिक अंबर शिकवला जात असेल असे गृहीत धरू नका, आणि आपल्या समाजातली मुले गुलाम म्हणून विकली जात होती ही गोष्ट परक्या माणसाकडून पहिल्याच दिवशी ऐकणे कोणालाही सुखाचे वाटत नाही. ओळख घट्ट झाल्यावर सांगितलेत, तर मात्र ऐकणारा तासभर बसेल.

संपादक मंडळ

मलिक अंबरावर स्वतंत्र धागा काढावा ही विनंती. येथे सूतकताई यांच्या प्रवासापुरतेच बोलू या.

सूतकताई

सर्वांचे मनापासून आभार. कार्यालयात फोन केला. पत्र मुंबईत तयार झाले होते, आणि वेळ मात्र तेथील कर्मचाऱ्याने कळवल्याप्रमाणे जशीच्या तशी टंकली होती. २ मार्चला कार्यालय बंद आहे. मंगळवारी ३ तारखेला सकाळी साडेआठला यायचे आहे. हॉटेलची गाडी विमानतळावर येईल. लसीसाठी परवाची वेळ मिळाली आहे. डॉक्टर, तुमचे विशेष आभार, कारण कंपनीच्या यादीत लसीचा उल्लेख नव्हता.

आता दोन गोष्टी विचारते. हवासाला रस्त्याने जावे की विमानाने? आणि माझ्या हाताखाली तेथील तरुण मुली असतील, त्यांच्याशी पहिल्या दिवशी कसे वागावे? याविषयी मला कोणीच काही सांगितलेले नाही.

अबोली

रस्त्याने जा. अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि वाटेत खचदरीची तळी लागतात: झिवाय, लांगानो, पुढे अबियाता आणि शाला. विमानाने लवकर पोहोचाल, पण देश दिसणार नाही. निघायचे ते उजाडल्यावर आणि पोहोचायचे ते अंधार पडण्यापूर्वी, कारण रस्त्यावर गाढवे, गुरे आणि घोडागाड्या निर्धास्तपणे चालत असतात. हवासात उतरल्यावर जवळच्या अंतरासाठी ‘बजाज’ मागावी. तीनचाकी रिक्षेला तेथे सगळे असेच म्हणतात, आणि ती बहुधा आपल्याकडूनच गेलेली असते.

धागेदोरे

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण मी याच व्यवसायातला आहे आणि मला हाच प्रश्न सर्वांत मोठा वाटतो. आपण सगळे वर घड्याळ, लस आणि कुकर यांची चर्चा करत आहोत. ती आवश्यक आहे, पण ताई तेथे पर्यटक म्हणून उतरत नाहीत. त्या वरिष्ठ म्हणून उतरत आहेत, आणि त्या मुलींनी आजवर भारतीय, श्रीलंकेचे, चिनी असे अनेक वरिष्ठ पाहिलेले आहेत.

हवासाची वसाहत २०१६ मध्ये सुरू झाली. २०१९ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या एका अहवालाने दाखवले की तेथील मूळ पगार महिन्याला २६ डॉलर, म्हणजे जगातल्या तयार कपड्यांच्या धंद्यात सर्वांत कमी होता. खेड्यातून आलेल्या मुली चौघीजणी मिळून एका खोलीत राहत आणि खोलीभाडे व जेवण यांतच पगार संपे, म्हणून बऱ्याच जणी वर्षही पुरे न करता नोकरी सोडून जात. त्यातच युद्धाच्या काळातील अत्याचारांमुळे १ जानेवारी २०२२ पासून अमेरिकेने इथिओपियाच्या मालावरची करसवलत काढून घेतली, काही बड्या कंपन्या निघून गेल्या आणि अनेकींचे काम गेले. आपल्याकडचे काही पर्यवेक्षक ‘येथल्या मुलींना कामाची सवय नाही’ असे सर्रास बोलतात. हे बोलण्याआधी त्यांनी त्या पगारात एक महिना काढून दाखवावा.

हितचिंतक

हे जरा एकांगी वाटते. कारखाना आला म्हणूनच त्या मुलींना रोख पगार मिळू लागला, तो नसता तर त्या शेतावरच राबत राहिल्या असत्या. इचलकरंजीतही सुरुवातीला सगळे गुण्यागोविंदाने चालले होते असे नव्हे.

धागेदोरे

इचलकरंजीचा दाखला मलाच उपयोगी आहे. तेथल्या मागावरच्या कामगाराला निदान घर जवळ असते आणि भांडायला भाषा असते. या मुलींपैकी अनेकींची भाषा सिदामा, वरिष्ठांची इंग्रजी, आणि मधले बोलणे अम्हारिकमधून. तक्रार वर पोहोचेपर्यंत तिचे काहीच उरत नाही. कारखाना नको असे मी म्हणत नाही. पहिल्या दिवशी ताईंनी आवाज चढवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. चारचौघांत ओरडणे तेथे फार मोठा अपमान समजला जातो. मुलगी उलट बोलणार नाही, मान खाली घालेल आणि दुसऱ्या दिवशी येणार नाही. दोष दाखवायचा असेल तर बाजूला घेऊन दाखवावा.

अबोली

धागेदोरे यांना पूर्ण अनुमोदन. त्यात भर घालते. सकाळी कामाचे बोलण्यापूर्वी प्रत्येकीशी नीट नमस्कार-चमत्कार झालाच पाहिजे: तू कशी आहेस, झोप लागली का, घरचे कसे आहेत. आपल्याला हा वेळेचा अपव्यय वाटतो, पण तो टाळला तर दिवसभर कोणी मनापासून बोलत नाही. नावांची पद्धत आपल्याला सोपी जाते, कारण तेथे आडनाव नसते. स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग आजोबांचे. अर्ज भरताना मराठी माणूस अडत नाही, फक्त आडनावाच्या जागी आजोबा येतात. बोलावताना पहिल्या नावानेच बोलवावे. वडिलांच्या नावाला आडनाव समजून हाक मारली, तर तुम्ही त्यांच्या वडिलांनाच बोलावत आहात असे होते.

आणि कोणी कॉफीला बोलावले तर नाही म्हणू नका. हिरव्या बिया तुमच्यासमोर भाजतील, धूर तुमच्या नाकाशी आणतील, उखळात कुटतील, मग जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळून बिनकानाच्या लहान कपांत ओततील. सोबत लाह्या आणि धूप. अबोल, तोना आणि बरका अशा तीन फेऱ्या होतात. पहिल्या फेरीनंतर उठून जाणे बरे दिसत नाही, त्यामुळे तास-दीड तास हाताशी ठेवूनच जावे. माझ्या हाताखालच्या मुलींच्या खऱ्या अडचणी, म्हणजे कोणाला रात्रपाळीनंतर घरी जायची भीती वाटते, कोणाचे घरभाडे थकले आहे, हे मला तिसऱ्या फेरीतच कळत असे. कार्यालयात विचारले असता सगळ्या जणी ‘चिगिर येल्लेम’, काही अडचण नाही, एवढेच म्हणत.

पुरणपोळी

कॉफी दुधाची मिळते का?

कोकणकडा

मिळते, इटालियन लोकांनी यंत्रे मागे ठेवली आहेत आणि शहरातल्या प्रत्येक कोपऱ्यावर माक्यातो मिळते. उपासाच्या दिवसांत मात्र दूध मागितल्यावर वेटर तुमच्याकडे जरा थांबून पाहतो.

सूतकताई

धागेदोरे, अबोलीताई, तुम्ही लिहिलेले मी छापून घेतले आहे. आमच्याच गावात मागावरच्या बायकांशी कोण कसे बोलते हे लहानपणापासून पाहत आले आहे, त्यामुळे मुद्दा समजला. अम्हारिकबरोबर सिदामाचेही चार शब्द शिकायचे आहेत. अबोलीताई, व्यक्तिगत निरोप पाठवते.

भटकभवानी

याच धाग्यात विचारते, क्षमस्व. मी मुंबईहून घानातील अक्रा येथे जात आहे आणि विमान अदिस अबाबाला बदलायचे आहे, तेथे फक्त काही तास थांबायचे आहे. विमानतळाबाहेर पडणार नाही. मलाही पीतज्वराची लस लागेल का?

डॉ. कडुनिंब

केवळ अदिसच्या विमानतळावर थांबून, बाहेर न पडता परत आला असता, तर आपल्या नियमांत आरोग्य अधिकाऱ्याच्या संमतीने सूट मिळू शकली असती. तुमच्या बाबतीत तो प्रश्नच उरत नाही, कारण घाना स्वतःच प्रत्येक प्रवाशाकडे पीतज्वराचे प्रमाणपत्र मागतो, आणि घानाहून परत येताना भारतही मागतो. आजच वेळ ठरवा आणि निघण्याच्या किमान दहा दिवस आधी लस घ्या. लसीच्या प्रमाणपत्राचे पिवळे पुस्तक पासपोर्टबरोबर हातातल्या पिशवीत ठेवा आणि त्यावरील नाव पासपोर्टप्रमाणेच लिहिले आहे ना, हे केंद्रातून बाहेर पडण्यापूर्वी वाचून पाहा.